व्याजाचा दर न लिहिलेली बँक

बँकेत चौतीस वर्षे काढली; पण दिवसातून चाळीस वेळा पासबुक भरून घ्यायला आलेला खातेदार काही मला भेटला नाही. बचत खात्यावर किती व्याज, मुदत ठेवीवर किती, हे फलकावर लिहिलेले असे. मिळायचे ते ठाऊक असले की माणूस निवांत घरी जातो. निवृत्तीनंतर मीच मात्र तसा खातेदार झालो. लिहीत असलेल्या कादंबरीतला एक उतारा फेसबुकवर टाकला आणि रात्री अडीच वाजता अंधारात उभा राहून किती अंगठे जमले ते मोजले. सत्तावीस. अंथरुणावर टेकण्यापूर्वी पुन्हा पाहिले. अठ्ठावीस! त्या एका अंगठ्याने झालेला आनंद वाङ्मयीन नव्हता, एवढे कळण्याइतका मी अजून शुद्धीवर आहे.

फेसबुकवर हा अंगठा आला २००९ साली. त्यामागची युक्ती मात्र जुनी. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्धच आहेत. ठरावीक चोची मारल्यावर दाणा मिळू लागला, की पक्षी दाणा खाऊन जरा विसावा घेई. दाणा कितव्या चोचीला पडेल याचा नेमच ठेवला नाही, की तो जवळजवळ न थांबता चोच मारीत राही. दाणे बंद केल्यावरही लवकर थांबत नसे. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यात भर पडली न संपणाऱ्या पानाची. एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली ही सोय घडवली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. आमच्या शाखेत संध्याकाळी रोकड जुळली, की दिवस मिटत असे. इथे दिवस मिटूच द्यायचा नाही, कारण धंदाच त्यावर आहे. आपण आपले लक्ष ठेव म्हणून ठेवायचे आणि कंपनीने ते जाहिरातदाराला विकायचे. २०२३ साली फेसबुकच्या मालक कंपनीचे, म्हणजे मेटाचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि ते जवळजवळ सगळे जाहिरातींचे. ठेवीदाराच्या वाट्याला अंगठे.

तरीही सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे मला पटत नाही. स्किनरच्या प्रयोगातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. कबुतरांना आधी अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन नेहमीच्या सुमारे ८० टक्क्यांवर आणलेले असे. भरल्या पोटाचा पक्षी कळीकडे कशाला बघेल?

आपली उपासमार कसली, हे मला एका मित्रामुळे कळले. आम्ही एकाच शाखेत अकरा वर्षे शेजारी बसलो. तो गेल्याची बातमी निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. मिनिटभरात मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले, खाली हात जोडलेली चित्रे जमत गेली, आणि कर्तव्य केल्यासारखे वाटून मी घरीच बसलो. त्याचे घर लोकलने तीन स्टेशनांवर. महिन्याने वहिनींचा फोन आला, "तुमची दोन पुस्तकं यांच्याकडे राहिलीत, घेऊन जा." रागाचा शब्द नाही.

गेलो. मुलगा बंगळूरला, शेजारचे दार बंद. चहा घेताना टेबलावरचा त्याचा मोबाइल सारखा वाजत होता. आमच्याच गटावरचे सुविचार आणि फुले. त्याला गटातून काढायचे कुणालाच सुचले नव्हते. मी ओशाळून म्हटले, "वहिनी, बंद करून देऊ का?"

"राहू दे भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेवढाच आवाज होतो घरात."