थर्ड क्लासच्या प्रेक्षकाचे काय झाले?

लहान गावांतील चित्रपटगृहे बंद पडत आहेत, याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख अधूनमधून वाचावयास मिळतात. दोष बहुधा दूरचित्रवाणीला, व्हिडिओला किंवा मोबाइलला दिला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु राज्याचे करधोरण आणि जमिनीचा भाव जमेस धरल्यावाचून हा हिशोब पुरा होत नाही.

विठ्ठलवाडीचा परिसर उदाहरणादाखल घ्यावा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. शेजारी शहाडचा रेयॉन कारखाना, अंबरनाथचा दारूगोळ्याचा आणि काडेपेट्यांचा कारखाना, व रोज लोकलने मुंबई गाठणारा चाकरमानी. निर्वासित दुकानदार, घाटावरून आलेला कामगार आणि उत्तरेतून आलेला हमाल एका छताखाली बसतील अशा जागा या वस्तीत थोड्याच होत्या. चित्रपटगृह ही त्यांपैकी एक. तेथे जातीची पंगत नव्हती. पैशाची मात्र होती. बाल्कनीचा चढा दर आणि पुढच्या रांगांतील गर्दी या दोहोंवर मिळून खेळ चाले.

करमणूक कराचा कायदा १९२३ चा, म्हणजे परकीय अमदानीतील. कष्टकऱ्याची करमणूक ही चैन होय, ही त्यामागील वृत्ती स्वराज्यातही टिकली. तिकिटाच्या निव्वळ दराहून कराचीच रक्कम अधिक, अशी पाळी एके काळी आली आणि १९८६ साली मुंबईच्या चित्रपटव्यवसायाने संप पुकारला. पुढे नव्या शतकाच्या आरंभी त्याच राज्याने मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृहांना पहिली काही वर्षे करमाफी दिली. स्वस्त तिकीट काढणारा कर भरीत राहिला आणि महाग तिकिटाच्या धंद्याला सवलत मिळाली! याला अर्थनीती म्हणावयाचे काय? आता सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के व त्यावरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. हा भेद योग्यच. परंतु शंभर रुपयांत चित्रपट दाखविणारी गृहे तोवर किती उरली?

आठशे खुर्च्यांचा एक पडदा स्वस्त तिकिटावर जगावयाचा, तर खुर्च्या भराव्या लागतात. त्या रिकाम्या पडू लागल्या आणि उपनगरी जमिनीचे भाव चढले, की मालकाला खेळापेक्षा भूखंड किफायतशीर वाटू लागतो. या व्यवहारात डोअरकीपर व ऑपरेटर यांची गणती कोण करतो? १९८१ च्या कायद्याने पाच कामगारांच्या चित्रपटगृहालाही भविष्यनिर्वाह निधीची तरतूद लागू केली. कागदावरचा हा हक्क पदरात पडला की नाही, हे पाहणे संघटनेचे काम होते.

जुन्या चित्रपटगृहांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ढेकूण, तिकिटांचा काळाबाजार आणि स्त्रियांची कुचंबणा हे सारे तेथे होते. घरोघरी मोबाइल आला, मग चित्रपटगृह हवे कशाला, असाही प्रश्न विचारला जाईल. परंतु मोबाइलवर प्रत्येक जण आपापला चित्रपट पाहतो. शेजाऱ्याबरोबर हसण्याची सोय त्यात नाही.

कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर महापालिकेचे आहे. नाटकासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ शकतो, तर चित्रपटासाठी का नाही? कार्यकर्त्यांनी नगरपालिकांपुढे दोन मागण्या ठेवाव्यात: पालिकेच्या सभागृहांत आठवड्यातून एक दिवस अल्प दरात चित्रपट दाखवावेत, आणि चित्रपटगृहाच्या भूखंडाचा वापर बदलण्यास अनुमती देण्यापूर्वी तेथील कामगारांची सर्व देणी चुकती झाल्याची खात्री करून घ्यावी. या मागण्या लहान आहेत, पण येत्या पालिका सभेत मांडता येण्याजोग्या आहेत.