संशोधकाच्या रविवारचा प्रश्न

विद्यापीठातील संशोधन ही साधना की नोकरी, या प्रश्नाचे उत्तर आपण सोयीनुसार बदलत असतो. विद्यार्थ्याने रजा मागितली की ती साधना ठरते. विभागाचे अहवाल तयार करून हवे असले की तीच नोकरी होते.

माझी एक माजी विद्यार्थिनी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी संशोधन सोडून बँकेत लागली. तिच्यापाशी बुद्धी होती, चिकाटीही होती. परंतु रविवारी विभागात यावे लागेल काय, वडिलांच्या आजारपणात चार दिवस गावी गेलेले चालेल काय, आपण जमविलेल्या आकडेवारीवरील लेखात आपले नाव असेल काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिला अखेरपर्यंत मिळाले नाही. प्रश्न विचारणे हाच उद्धटपणा मानला जात होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा अपूर्ण कराराचा प्रश्न आहे. अटी लिहिलेल्या नसल्या की मोकळी जागा बलिष्ठ पक्षाच्या मर्जीने भरली जाते. मजूर निदान मालक बदलू शकतो. संशोधकाने मार्गदर्शक बदलणे म्हणजे बहुधा काही वर्षांच्या श्रमांवर पाणी सोडणे होय. अधिछात्रवृत्तीचे कागद, प्रगतीचा अहवाल आणि पुढचे शिफारसपत्र, या सर्वांसाठी त्याला एकाच सहीकडे पाहावे लागते.

नियम मुळीच नाहीत असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी किमान ३ वर्षांचा आणि, पुनर्नोंदणी वगळता, कमाल ६ वर्षांचा कालावधी ठरविला. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, अशी मर्यादा घातली. महिला संशोधकांसाठी प्रसूती व बालसंगोपनाच्या २४० दिवसांपर्यंतच्या रजेची तरतूद केली. मात्र या तरतुदी वर्षांचा हिशेब ठेवतात, आठवड्याचा नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुटी दिली होती. संशोधकाचा आठवडा मात्र कोणी मोजलाच नाही.

संशोधन घड्याळ पाहून होत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. प्रयोगशाळेतील जिवाणूंची वाढ पाच वाजता थांबत नाही आणि पाहणीसाठी शेतकरी भेटतो तो बहुधा दिवेलागणीला. पण कामाची वेळ अनियमित असते म्हणूनच बदली सुटीची निश्चिती अधिक आवश्यक ठरते. लेखी नियमांनी गुरुशिष्यांतील जिव्हाळा आटेल, ही भीतीही अनाठायी आहे. जो जिव्हाळा केवळ संदिग्धतेवर जगतो, त्याला धाक म्हणणे अधिक योग्य.

म्हणून प्रत्येक मार्गदर्शकाने प्रवेशाच्या वेळीच दोन पानांचे टिपण विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. उपस्थिती किती, रजा किती, भेट कोणत्या दिवशी, मसुदा किती दिवसांत वाचून परत मिळेल, लेखावर नावे कोणत्या निकषाने येतील आणि तक्रार मार्गदर्शकाखेरीज कोणाकडे करावी, हे त्यात स्पष्ट असावे. विद्यार्थ्याची कर्तव्येही त्यात हवीत: नोंदी प्रामाणिकपणे ठेवणे, ठरलेले काम मुदतीत देणे, अनुपस्थितीची पूर्वसूचना देणे. असे टिपण आळशी विद्यार्थ्यापासून मार्गदर्शकाचेही रक्षण करील.

यासाठी अनुदान लागत नाही, की परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. संशोधनाला वाहून घेणारी मुले मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या विभागांनी येत्या सत्रापासून एवढे तरी करून पाहावे.