पुरुषाचे मौन आणि भिंतीवरचे वैद्य

जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला यावे आणि वाटेत रस्त्यालगतच्या भिंती वाचीत यावे. बियाणी, सिमेंट, खासगी शिकवण्या यांच्या रांगेत एक जाहिरात हटकून भेटते. ‘कमजोरी’, ‘गुप्तरोग’, ‘खात्रीचा इलाज’ आणि खाली भ्रमणध्वनीचा क्रमांक. ज्या समाजात या विषयाचा चारचौघांत उच्चारही असभ्य मानला जातो, त्याच समाजाच्या भिंती त्यावर इतक्या मोकळेपणाने बोलतात! यात विसंगती वाटली, तरी कार्यकारणभाव उघड आहे. घरात जे बोलले जात नाही, ते भिंतीवर विकले जाते.

१९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना मनाई केली आहे. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी भिंती रंगतच आहेत. कारण गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. फसलेला पुरुष पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगणार? पैसे गेल्याचे दुःख तो गिळतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

आपल्या परंपरेला या विषयाचे वावडे होते, असे म्हणण्यास आधार नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे स्वतंत्र अंग आहे आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनापाठोपाठ दुसराच अध्याय त्याचा आहे. प्राचीन आचार्यांनी जो विषय शास्त्र म्हणून हाताळला, तो आपण कुजबुजीच्या हवाली केला. त्या आचार्यांचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांना आयुर्वेद म्हणणे हा तर आयुर्वेदाचाच अवमान होय. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या गेलेल्या अशा अनेक पदार्थांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब अशा पुडीने एकाएकी कोसळू शकतो आणि ते जिवावर बेतते.

मूळ प्रश्न असा की, पुरुषाने टेस्टोस्टेरॉनची तपासणी केव्हा करावी? वृषणांत तयार होणारा हा संप्रेरक. त्याला आज्ञा मिळते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून. १९३५ साली तो प्रयोगशाळेत सिद्ध झाला आणि त्याच्याशी निगडित संशोधनासाठी बुटेनांट व रुझिच्का यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. दाढीमिशा आणि कामेच्छा एवढ्यापुरतेच त्याचे काम नाही. हाडांची घनता, स्नायूंचे बळ, रक्तातील तांबड्या पेशींची निर्मिती ही सारी कामे काही अंशी त्याच्याच आधाराने चालतात.

म्हणूनच त्याच्या उणिवेची चिन्हे नेमकी ओळखली पाहिजेत. कामेच्छा दीर्घकाळ मंदावणे, पहाटेची स्वाभाविक ताठरता नाहीशी होणे, दाढी व अंगावरचे केस विरळ होणे, छाती स्त्रीसारखी वाढणे, वृषण लहान होणे, किरकोळ पडण्याने हाड मोडणे, कारण न सापडणारा पांडुरोग, मूल न होणे, यांपैकी काही दिसत असेल, तर तपासणी अवश्य करावी. ज्यांना वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणांना सूज आली होती, ज्यांना तेथे मार लागला आहे, ज्यांनी कर्करोगावरील औषधे वा किरणोपचार घेतले आहेत, जे दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा अफूजन्य वेदनाशामके घेतात, त्यांनी अधिक सावध असावे. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्या सोबतीने ही उणीव वारंवार दिसते. तसेच ताठरतेतील दोष ही पुष्कळदा हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडू लागल्याची आगाऊ सूचना असते. जो गृहस्थ संकोचाने ही तक्रार दडवतो, तो नकळत मधुमेह आणि हृदयविकारही दडवीत असतो.

खानदेशापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात आणि साक्रीच्या बाजूला आपल्या वनवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आढळतो. या आजारात मुलगा वयात येण्यास विलंब होतो आणि काहींच्या वृषणांनाही इजा पोहोचते. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तिच्यात रक्त तपासताना या मुलांच्या वाढीकडेही लक्ष जावे. चौदा वर्षे पूर्ण होऊनही मुलाच्या शरीरात वयात येण्याची चिन्हे नसतील, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून स्वस्थ बसू नये.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. थकवा, चिडचिड, झोप न लागणे एवढ्यावरून कुणी ही तपासणी करू लागला, तर निम्मे गाव प्रयोगशाळेच्या दारात उभे राहील. युरोपातील आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे आणि रक्तातील उणीव या दोन्ही कसोट्यांवर खरी कमतरता ठरली ती सुमारे दोन टक्के पुरुषांतच. तेव्हा ‘चाळिशी उलटली, तपासून घ्या’ असे सांगून पूर्ण देहतपासणीच्या यादीत ही चाचणी घुसडणे हाही एक व्यापारच आहे. भिंतीवरचा वैद्य लाजेचा व्यापार करतो, हा भीतीचा, भेद एवढाच.

चाचणी करायची, तर ती नीट व्हावी. हा संप्रेरक सकाळी सर्वाधिक असतो व दिवस चढेल तसा उतरतो. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावे. तापात किंवा आजारपणात देऊ नये. भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्यांनी आपल्या झोपेची वेळ डॉक्टरांना आधी सांगावी. एका अहवालावर निर्णय घेऊ नये. दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा दुसरा नमुना हवाच. साधारणतः एका डेसिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण दोन्ही वेळा आले आणि लक्षणेही असली, तरच उणीव मानतात. मग दोष वृषणांचा की पीयूष ग्रंथीचा, हे पुढील चाचण्यांवरून ठरते. क्वचित ग्रंथीतील गाठही अशा वेळी सापडते. लठ्ठ माणसाचे वजन उतरले की पुष्कळदा हे प्रमाण आपोआप वर येते.

व्यायामशाळांतील तरुणांना येथे कळकळीने सांगावेसे वाटते. तालमीच्या तांबड्या मातीत दंडबैठकांनी शरीर कमावण्याची आपली रीत होती. आता काही ठिकाणी सुईने शरीर कमावण्याचा मोह पसरतो आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते, वृषण आक्रसतात आणि शुक्राणू घटतात, कधी पूर्ण नाहीसे होतात. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेले इंजेक्शन पितृत्वच हिरावून घेते. ज्याला मूल हवे आहे, त्याला हे औषध उपचार म्हणूनही सहसा दिले जात नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

या मौनाची सर्वांत मोठी किंमत मात्र पुरुष मोजत नाही. लग्नाला तीनचार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की सुनेचे दवाखाने सुरू होतात. नवस, उपास, गंडेदोरे तिच्याच वाट्याला. तिच्या साऱ्या तपासण्या होऊन जातात, तरी मुलाच्या वीर्याची साधी तपासणी करावी, हे कुणी सुचवीत नाही. वास्तविक मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे. तीत दोष दिसला की टेस्टोस्टेरॉनची पाळी येते. केळी पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तर मध्य अमेरिकेतील केळीच्या बागांची हकीकत जाणून घ्यावी. तेथे सूत्रकृमींवर वापरलेल्या डीबीसीपी या रसायनाने हजारो धडधाकट मजूर वंध्य झाले. तेव्हा शेतीत फवारणी करणाऱ्याने डॉक्टरांना तेही सांगावे.

धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाणकार डॉक्टर आता भिंतीवरच्या क्रमांकाइतकेच जवळ आहेत. अडते ते उंबरठ्यावर. तो ओलांडण्यास मदत करण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांचे आहे. सुनेला वैद्याकडे नेण्यापूर्वी एखाद्या आबांनी, नानांनी मुलाला बाजूला घेऊन ‘चल भो, आधी तुझी तपासणी करू’ एवढे म्हटले, तर एका लेकीचा वर्षानुवर्षांचा छळ टळेल. आपल्या देहातील उणीव मान वर करून डॉक्टरांना सांगणे, यालाही पुरुषार्थच म्हणतात.