सवारीचा घोडा कोठे घ्यावा?

बैलजोडी घेताना आमचा कास्तकार दात पाहतो, खूर पाहतो, जू मानेवर देऊन चालवून पाहतो, आणि मगच कमरेची पिशवी सोडतो. वर्धा जिल्हा हा गवळाऊ बैलांचा. येथील शेतकऱ्यास जनावराची पारख शिकवावयास नको. परंतु तोच शेतकरी घोडा घेण्यास निघाला म्हणजे ही सारी पारख घरी ठेवतो आणि रंग, भोवरे व देवमण पाहून सौदा करतो, हे खेदाने लिहावे लागते.

प्रथम घोडा कशासाठी हवा, हे ठरवावे. सावंगी (मेघे) भोवतालच्या काळ्या जमिनीत ऐन पावसाळ्यात मोटारसायकल रुतते. पांदणीने वावरात जाण्यास तेव्हा घोडाच उपयोगी. तो धुऱ्यावर मुकाट उभा राहावा, ट्रॅक्टरच्या आवाजास बुजू नये, घरच्या मुलासही पाठीवर घ्यावा. शर्यतीचा वेग वा वरातीची ऐट येथे कामाची नाही.

सारंगखेड्याच्या व माळेगावच्या यात्रांत मारवाडी व काठेवाडी जातीची उत्तम घोडी येतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे शुभ्र नुकऱ्यास व पंचकल्याणीस जो भाव येतो तो हौसेचा असतो. शिवाय गर्दीत पारखावयास तासभरही मिळत नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका यात्रेत असाच देखणा घोडा घेतला. चार दिवस तो डौलाने चालला. पाचव्या दिवशी पुढच्या पायाने लंगडू लागला, तो कायमचाच. वेदनाशामक औषधाने लंगडेपण काही दिवस झाकता येते, हे पशुवैद्याने सांगितले तेव्हा विकणारा कोठल्या कोठे निघून गेला होता.

सबब आमचे मत असे की, सर्व कामाचा घोडा शक्यतो पंचक्रोशीतील पाळणाऱ्याकडूनच घ्यावा. तेथे निवड थोडी व भाव कदाचित चढा. पण घोडा त्याच्या तबेल्यात, आठवड्याच्या अंतराने दोनदा पाहता येतो. औषध दिलेले असल्यास दुसऱ्या खेपेस उघड होते. प्रथम मालकासच बसावयास सांगावे, मग आपण बसावे. कठीण रस्त्यावर दोर सैल सोडून दुडक्या चालीने पळवावे. पुढचा पाय दुखरा असल्यास तो टेकताना घोडा मान वर उचलतो. टाप उचलून तळ पाहावा, वास घ्यावा. ओल्या जागी बांधलेल्या घोड्याचा तळ कुजतो. दातांवरून वय पाहावे: सुमारे ५ व्या वर्षी पुढचे सर्व दुधाचे दात पडून पक्के येतात, आणि वरच्या कोपऱ्याच्या दातावर खोबण १० व्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. साधारण ६ ते १२ वर्षांचा, शिकलेला घोडा आमच्या कामास उत्तम.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्यावाचून घोडा दारी आणू नये. हा रोग माणसासही होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे रोगी घोडा मारावा लागतो. या रोगाच्या तपासणीची राष्ट्रीय संस्था हिसार येथे आहे. नमुना कसा पाठवावा, हे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. सौदा ठरल्यावर घोड्याचे वर्णन, वय व किंमत लिहिलेली, दोघांच्या सहीची पावती घ्यावी.

स्थानिक खरेदीस एकच मोठे विघ्न आहे, ते भिडेचे. ओळखीच्या माणसाच्या घोड्याचे तोंड उघडून पाहणे आम्हांस त्याचा अपमान वाटतो, आणि मग फसगत झाली तरी बोलता येत नाही. बैलाच्या बाबतीत ही भीड आम्ही धरीत नाही. आपल्या संस्थेने सभासदांच्या घोड्यांच्या खरेदीविक्रीच्या वेळी पशुवैद्यास बोलावण्याचा प्रघात पाडावा. तपासणी हा एकदा सर्वांचा रिवाज झाला म्हणजे ती कोणाही एकाचा अविश्वास ठरणार नाही; आणि ज्याचा घोडा खरा, त्याचा भावही खरा ठरेल.