काडेपेटीतली चकाकती माशी

घरातल्या पोराने हिरवा-निळा चकाकणारा किडा काडेपेटीत घालून आणला, तर फेकून देण्याआधी जरा उजेडात धरून पाहा. बारामतीकडे पाटाच्या कडेला काय किंवा इंदापूरकडे उजनीच्या काठाला काय, ओल्या चिखलाची वाण नाही. तोच चिखल आणून कुंभारीण माशी गोठ्याच्या भिंतीला, दाराच्या चौकटीला मडकी लिंपते. आणि जिथे कुंभारीण, तिथे ही चकाकती पाहुणी.

आधी पंख मोजा. दोनच असले तर ती घाणीवर बसणारी साधी हिरवी माशी. चार असले तर गांधीलमाशीच्या कुळातली. पण अंग लांबट, कंबर बारीक आणि मांड्या तांबड्या असतील तर ती झुरळे धरणारी. तिला हात लावू नका, डसते.

आपली पाहुणी आखूड आणि कडक सालीची. भिंगातून पाहिले तर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे अंगभर बारीक खड्डे दिसतात. पोट खालून खोलगट असते, म्हणून डिवचले की डोके-पाय आत घेऊन ती गोळी होते. कुंभारीण चिडून अंगावर आली तरी तिला मऊ जागा सापडत नाही. चिडणारच, कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने घालावे तसे ही तिच्या मडक्यात अंडे घालते, आणि हिची अळी तिच्या अळीला खाऊन वाढते. इंग्रजीतही हिला कोकिळेचेच नाव आहे. माणसाला मात्र ही डसत नाही.

रंगावर भिस्त ठेवू नका. एकाच जातीत कोणी हिरवी, कोणी निळी, कोणी तांबूस झाक असलेली निघते. पोटाच्या शेवटच्या वेढ्याची कड पाहा, तिथले दाते मोजा. माशी चांगली मोठी, दाते चार, आणि छातीमागे पळीसारखे खोलगट टोक निघालेले असेल, तर बहुधा ती 'स्टिल्बम सायन्युरम'. बिंगहॅमसाहेबाने १९०३ साली मुंग्या आणि या माश्या यांवर मिळून जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात अशाच खुणांवरून जाती लावल्या आहेत.

आता ही आपली मित्र की शत्रू? काही कुंभारणी मडक्यात अळ्या भरतात, काही कोळी. तेव्हा हिशेब सरळ लागत नाही. पण पिकाला ही तोंड लावत नाही, एवढ्यासाठी पावडर मारू नये.

दाते वेगळेच दिसले तर मेलेली माशी कापसात ठेवून पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा. सोबत चिठ्ठी हवी: गाव, तारीख, आणि कोणत्या भिंतीवरच्या मडक्यापाशी सापडली ते.