आकड्यांचा हिशेब कोण तपासणार?

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील २७ कोटी लोक दररोज तीन आण्यांवर गुजराण करतात असे सांगितले, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. हा वाद केवळ बारा आण्यांच्या तफावतीचा नव्हता. श्रीमंतांची मिळकत गरिबांच्या मिळकतीत मिसळून काढलेली सरासरी गरिबाच्या चुलीविषयी काही सांगते काय, हा त्यामागील मूलभूत प्रश्न होता. साठ वर्षांनंतरही तो कायम आहे. फरक एवढाच की, राज्यकर्त्यांचा आकडा स्वतः तपासून पाहण्याचे साधन आज सामान्य कार्यकर्त्याच्या आवाक्यात आले आहे.

हे साधन काय करू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या प्रगत देशांत विकासाचा सरासरी दर शून्याखाली, म्हणजे उणे ०.१ टक्क्यावर घसरतो, असे त्यांचे गणित होते. युरोप-अमेरिकेत लोककल्याणाच्या खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांनी या निबंधाचा मोठा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हे गणित पुन्हा मांडून पाहिले. एक्सेलच्या तक्त्यातील सूत्रातून पाच देश वगळले गेल्याचे त्याला आढळले. काही वर्षांची आकडेवारी घेतलेली नव्हती आणि सरासरी काढण्याची पद्धतही वादग्रस्त होती. प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्याने केलेल्या दुरुस्तीनंतर तोच दर २.२ टक्के निघाला. तक्त्यातील चूक मूळ लेखकांनी मान्य केली; मात्र मोठे कर्ज आणि मंद विकास यांचा संबंध आहे, या मतावर ते ठाम राहिले. लक्षावधी लोकांच्या निवृत्तिवेतनाशी आणि रोजगाराशी ज्या वादाचा संबंध होता, त्यातील एक कळीचा आकडा एका विद्यार्थ्याने तपासून दाखविला!

ही फेरतपासणी त्याने ‘आर’ नावाच्या सॉफ्टवेअरवर केली होती. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘आर’ची निर्मिती केली आणि १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली ते सर्वांना खुले केले. त्यासाठी पैसा पडत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. परंतु तिच्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याची अंतर्गत रचना कोणीही वाचावी, बदलावी आणि इतरांना द्यावी, अशी त्यात मुभा आहे. मालकीच्या सॉफ्टवेअरचा परवाना पैसे मोजून घ्यावा लागतो आणि आतील यंत्रणा झाकलेलीच राहते. ‘आर’ हे गावच्या गायरानासारखे आहे: वापर सर्वांचा, राखणही सर्वांनी करावयाची. शिवाय त्यात गणिताची प्रत्येक पायरी लेखी आज्ञेच्या रूपाने नोंदवून ठेवता येते. त्यामुळे एकाने केलेला हिशेब दुसऱ्याला पहिल्या ओळीपासून तपासता येतो.

अर्थात यंत्र हाती आले म्हणजे ज्ञान आले असे नव्हे. चार मजुरांना रोज ३०० रुपये आणि मुकादमाला १८०० रुपये मिळत असतील, तर पाचांची सरासरी ६०० रुपये येते; पण तेवढी मजुरी कोणालाच मिळत नाही. मिळकती चढत्या क्रमाने मांडल्या की मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, ३०० रुपये असतो. सरासरी कोठे फसविते आणि मध्यक कोठे खरे बोलतो, हे शिकण्यापासूनच अभ्यासाचा आरंभ व्हावयास हवा. १९५० पासून चालत आलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत निवडलेले प्रत्येक कुटुंब इतर अनेक कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते. म्हणून त्याला ठरावीक भार देऊनच बेरीज करावी लागते. तो भार विसरला, तर उत्तम सॉफ्टवेअरही चुकीचेच उत्तर देईल.

हे काम तज्ज्ञांचे, कार्यकर्त्यांना त्यासाठी सवड कोठून, असा आक्षेप घेतला जाईल. ‘आर’च्या आज्ञा इंग्रजीत आहेत, ही अडचणही खरी आहे. परंतु ज्या चळवळीने अभ्यासवर्गांतून अर्थशास्त्राचे अवघड ग्रंथ समजून घेतले, तिला या मोजक्या आज्ञा अवघड वाटण्याचे कारण नाही. एका शाखेत एक संगणक आणि शिकविण्याची हौस असलेला एक महाविद्यालयीन तरुण एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. शिकलेल्यांनी मराठीत टिपणे तयार करून पुढच्या शाखेकडे पाठवावीत. आपल्याच तालुक्यातील मजुरीचे दर किंवा शाळागळतीची संख्या हा पहिला धडा असावा; कारण तेथे आकड्यामागील माणूस ओळखीचा असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साधन मुक्त असले आणि आकडेवारी कुलुपात असली, तर साधन निरुपयोगी ठरते. २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. आकडेवारीच्या दर्जाविषयीच्या शंका हे त्याचे कारण देण्यात आले. ती सदोष होती की नव्हती, हे जनतेला तपासता आले असते, तर त्या शंकांचे निरसन उघडपणे झाले असते. जनतेच्या पैशातून गोळा केलेली माहिती जनतेला मिळालीच पाहिजे, ही मागणी म्हणूनच शिक्षणाच्या बरोबरीने चालली पाहिजे. मात्र मागणी करणाऱ्याला मिळालेली माहिती वाचता आली नाही, तर त्या मागणीला बळ कोठून येणार?