गुंड तडीपार, प्रश्न जागच्या जागी

नागपूरच्या पेपरांत दोन बातम्या सतत येतात. नाव आणि पोलीस ठाणं तेवढं बदलतं. 'कुख्यात गुंडावर एमपीडीए, वर्षभरासाठी कारागृहात रवानगी' ही एक, आणि 'सराईत गुन्हेगार तडीपार' ही दुसरी. आपण मोबाइलवर वाचतो, 'बरं झालं' म्हणतो आणि पुढे सरकतो. माझं भांडण या 'बरं झालं'शी आहे.

तडीपारीत होतं काय? महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर घालवता येतं. त्यातलं कलम 57 तर आधीच दोषी ठरलेल्यांसाठीच आहे. तो पुन्हा तेच करेल असं अधिकाऱ्याला सकारण वाटलं, की त्याने घर सोडायचं. पण जो नागपूरला धोकादायक, तो भंडाऱ्याला कमी धोकादायक कसा? तिथे त्याला ना काम, ना घरचं माणूस, ना ओळखणारा पोलीस. आपण धोका मिटवत नाही, शेजारच्या दारात नेऊन टाकतो. हा उपाय अपवाद म्हणूनच वापरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात बजावलं. बातम्या वाचून तो अपवाद वाटत नाही.

एमपीडीए हा 1981 चा कायदा. यात खटला नाही. पोलीस आयुक्तांच्या आदेशाने माणूस वर्षभर आत. सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. वस्तीतल्या साक्षीदारांचे जबाब नाव झाकून घेतले जातात, कारण लोक घाबरलेले असतात. ती भीती खरी आहे. पण वर्ष संपतं, तुरुंगाचं दार उघडतं आणि तो त्याच गल्लीत परततो. त्या वर्षात ना त्याचं व्यसन सुटलेलं असतं, ना वस्तीची भीती.

आता यातली खरी गंमत बघा. आपल्याकडे परिवीक्षा अधिकारी आहेत, 1958 चा कायदा आहे. पण ही देखरेख मुख्यतः किरकोळ गुन्ह्यात, तुरुंगाऐवजी सोडलेल्या माणसावर. गंभीर गुन्ह्याची पूर्ण शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्यावर कोणीच नाही. पुन्हा दोषी ठरलेल्याला सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत पत्ता कळवत राहायला लावण्याची तरतूद आहे. आधी ती सीआरपीसीच्या कलम 356 मध्ये होती, आता नव्या संहितेच्या 394 मध्ये आहे. पण पत्ता कळणं म्हणजे देखरेख नव्हे.

'मग शिक्षेनंतरही आतच ठेवा ना', असं कोणी म्हणेल. जर्मनीने ते केलं. शिक्षेनंतरची कोठडी मागाहून वाढवणं ही नवी शिक्षाच आहे, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्ये ठरवलं. केलेल्या गुन्ह्याची शिक्षा असते, करेल अशा अंदाजाची नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. देखरेख म्हटलं की यादी आली, आणि यादी म्हटलं की पारधी आठवतात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. तो 1952 मध्ये गेला, पोलिसांची नजर गेली नाही. म्हणूनच यादी ठाण्यात बनता कामा नये. खुल्या न्यायालयात, वकिलासमोर, सिद्ध झालेल्या गंभीर गुन्ह्यांवरूनच आदेश व्हावा. त्याला मुदत हवी, दरवर्षी फेरतपासणी हवी. अटी स्पष्ट हव्यात : तक्रारदाराच्या वस्तीत पाय नाही, ठरलेल्या दिवशी हजेरी, व्यसनमुक्ती, काम. अट मोडली तर पुन्हा न्यायालय. आणि मोजकीच माणसं सांभाळणारा एक पगारी अधिकारी हवा.

'गुंडांचा पुळका' म्हणणाऱ्यांनी कस्तुरबा नगर आठवावं. अक्कू यादवला अनेकदा अटक झाली, तो दरवेळी सुटून आला. 13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वस्तीतल्या जमावाने, त्यातही बायकांनी, त्याला ठार केलं. 2014 मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मी त्या हत्येचं समर्थन करत नाही. पण अटक आणि सुटका यांच्या मधल्या काळात वस्तीकडे कोण बघत होतं, हा प्रश्न त्या दिवसाने विचारला. तडीपारी आणि एमपीडीए हे त्याचं उत्तर नाही. एकाने माणूस नजरेआड होतो, दुसऱ्याने वर्षभर. वस्तीला हवाय तो नजरेसमोर, आणि त्याच्यावर नजर ठेवणारा कोणीतरी.